तीन वर्षांच्या मुदतीत: पोर्टलँडच्या कायदा-विद्यार्थ्यांचं एक प्रकरण

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलँड शहराच्या दक्षिण भागात लुईस अँड क्लार्क लॉ स्कूल आहे. १९९२ साली तिथल्या मोजक्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट अ‍ॅनिमल लीगल डिफेन्स फंड’ नावाची संघटना काढली. लॉ स्कूलमधली अशा प्रकारची ती अमेरिकेतली पहिली. आज त्याच ठिकाणी प्राणी कायद्याचं स्वतंत्र केंद्र आहे आणि याच विषयात एलएल.एम. करता येतं. देशभर दीडशेहून अधिक लॉ स्कूल्समध्ये हा विषय शिकवला जातो. २००० साली हाच आकडा दहाच्या आत होता.

एवढ्या सगळ्याचं श्रेय त्या एका संघटनेच्या पदरात टाकणं बरोबर होणार नाही. मला या प्रकरणात रस आहे तो एका साध्या अडचणीमुळे. अमेरिकेत कायद्याची पदवी तीन वर्षांची असते. पहिलं वर्ष कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट आणि प्रॉपर्टीच्या ओझ्याखाली जातं. वर मान काढायला फुरसत नसते. तिसरं वर्ष नोकरी आणि वकिलीच्या परवान्यासाठीच्या बार परीक्षेच्या चिंतेत जातं. हातात राहतं ते मधलं वर्ष, थोडं अलीकडचं, थोडं पलीकडचं. एवढ्या वेळात विद्यार्थी काय उभं करू शकतो, जे तो पदवी घेऊन निघून गेल्यावरही चालत राहील? विद्यार्थ्यांच्या बहुतेक चळवळी इथेच आटोपतात. तडफेची माणसं असतात तोवर पोस्टर, मोर्चे, भाषणं; बॅच गेली की फलकही उतरतो. पोर्टलँडमध्ये तसं झालं नाही. त्याचं कारण त्या मुलांच्या प्राणिप्रेमात शोधू नये. प्राणिप्रेमी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात.

जागा आणि वेळ

पोर्टलँडच का? लुईस अँड क्लार्कची ओळख तेव्हाही पर्यावरण कायद्याचं लॉ स्कूल अशीच होती. ‘एन्व्हायर्न्मेंटल लॉ’ हे जर्नल तिथून १९७० पासून निघतं आणि त्या विषयातलं ते अमेरिकेतलं सर्वांत जुनं मानलं जातं. कॅम्पस झाडीत आहे, शेजारी ट्रायऑन क्रीकचं जंगल. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या पाठीशी टेकडी आहे, तसं काहीसं. नद्या, जंगलं, सामन मासे यांच्यासाठी कोर्टात भांडायला शिकायचं म्हणून देशभरातून मुलं इथे येत. म्हणजे जो माणूस नाही त्याच्या बाजूने वकिली करता येते, ही कल्पना इथे कुणाला पटवून द्यावी लागत नव्हती. एक वेगळ्या विषयाचं जर्नल विद्यार्थी वर्षानुवर्षं चालवू शकतात, हेही तिथल्या प्रत्येक मुलाने रोज पाहिलेलं होतं. मला हा दुसरा मुद्दा पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

प्राणी कायद्याची तेव्हाची अवस्था मात्र बेताचीच होती. सेटन हॉल लॉ स्कूलमध्ये थिओडोर सेगर मेथ यांनी १९७७ मध्ये या विषयाचा एक वर्ग घेतला होता. तो अमेरिकेतला पहिला समजतात. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात जॉयस टिश्लर आणि लॅरी केसेनिक या दोन तरुण वकिलांनी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या वकिलांचा एक गट जमवला. पुढे त्याचंच नाव ‘अ‍ॅनिमल लीगल डिफेन्स फंड’ झालं. इथून पुढे मी त्याला नुसतं फंड म्हणतो. १९८१ मध्ये अमेरिकन नौदलाने चायना लेक इथल्या आपल्या तळावरची रानटी गाढवं गोळ्या घालून मारायचं ठरवलं, तेव्हा टिश्लर यांनी कोर्टात जाऊन ते थांबवलं. या विषयातला हा सुरुवातीचा गाजलेला विजय. रटगर्स लॉ स्कूलमध्ये गॅरी फ्रान्सिओन आणि अ‍ॅना चार्ल्टन यांनी १९९० मध्ये प्राणी-हक्कांचं कायदा क्लिनिक उघडलं, म्हणजे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खरी प्रकरणं हाताळतात ते केंद्र. वर्गात प्राण्यांचं विच्छेदन करायला नकार देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने ते उभं राहत असे. बस, एवढंच. पाठ्यपुस्तक नव्हतं, जर्नल नव्हतं, आणि लेख लिहावा तर छापणार कोण, हा प्रश्न होता.

त्यातच लोकसची, म्हणजे दावा आणण्याच्या हक्काची, भिंत होती. आपल्याकडच्या वाचकाला हे थोडं समजावून सांगायला हवं, कारण जनहित याचिकेची सवय झाल्यामुळे आपल्याला ही अडचण चटकन जाणवत नाही. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात दावा आणायचा तर वादीला स्वतःचं काही नुकसान दाखवावं लागतं. नुकसान प्रत्यक्ष हवं, समोरच्याच्या कृतीमुळे झालेलं हवं, आणि कोर्टाच्या हुकमाने भरून निघण्याजोगं हवं. पिंजऱ्यात हाल होतात ते प्राण्याचे. दावा आणणाऱ्या माणसाचं काय गेलं? या एका प्रश्नावर प्रकरणांमागून प्रकरणं दारातूनच परत जात.

संघटना निघाली त्याच सुमाराचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्याची अंमलबजावणी कृषी खात्याकडे आहे. त्या खात्याने नियम करताना ‘प्राणी’ या व्याख्येतून उंदीर, घुशी आणि पक्षी वगळून टाकले. प्रयोगशाळांतले बहुसंख्य प्राणी म्हणजे नेमके हेच. फंडाने दावा केला. १९९२ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने हे वगळणं बेकायदा ठरवलं. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला, आणि तोही उंदरांबद्दल काही न बोलता: दावा आणणाऱ्यांना लोकसच नाही, प्रकरण संपलं. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या, प्राण्यांची बाजू मांडू पाहणाऱ्या मुलांसमोर त्या दोन वर्षांत हा धडा होता. भावनेच्या जोरावर इथे काही चालणार नाही. न्यायाधीशाने आधार म्हणून हातात घ्यावं असं काहीतरी आधी लिहिलेलं असलं पाहिजे.

हातात आधीच असलेलं साधन

संघटना काढणं हा सोपा भाग होता. अमेरिकन लॉ स्कूलमध्ये विद्यार्थी संघटनेला मान्यता मिळाली की थोडा निधी मिळतो, खोली मिळते, लॉ स्कूलचं नाव वापरता येतं. फंडाशी नातं जोडल्याने बाहेरच्या वकिलांची ओळख आणि व्याख्याते मिळाले. संस्थापकांमध्ये नॅन्सी पेरी यांचं नाव पुढे सर्वांत जास्त ऐकू आलं. त्यांनी नंतर ह्युमेन सोसायटी आणि मग एएसपीसीए या अमेरिकेतल्या दोन मोठ्या प्राणी संस्थांमध्ये कायदेमंडळाकडे पाठपुरावा करण्याचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं.

व्याख्यानं, माहितीपट, कँटीनमध्ये शाकाहारी जेवणाची मागणी एवढ्यावर ही संघटना थांबली असती तर त्यावर लिहिण्याचं कारण नव्हतं. पण याच मुलांनी जर्नल काढायचं ठरवलं. ‘अ‍ॅनिमल लॉ’चा पहिला खंड १९९५ मध्ये छापून आला. फक्त प्राणी कायद्याला वाहिलेलं अमेरिकेतलं हे पहिलं लॉ जर्नल.

यातली मेख लक्षात यायला अमेरिकन लॉ जर्नल कसं चालतं ते पाहावं लागेल, कारण इतर विद्याशाखांत हा प्रकार सहसा दिसत नाही. डॉक्टरांचं किंवा भौतिकशास्त्रज्ञांचं जर्नल त्यातले जाणकार चालवतात. अमेरिकेतली बहुतेक लॉ जर्नल्स विद्यार्थी चालवतात. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ १८८७ पासून असंच चालत आलं आहे. नावाजलेला प्राध्यापक लेख पाठवतो, आणि तो घ्यायचा की साभार परत करायचा हे पंचविशीतली पोरं ठरवतात. दुसऱ्या वर्षाची मुलं एकेक तळटीप मूळ निकालाशी ताडून पाहतात, तिसऱ्या वर्षाची संपादन करतात. परदेशी अभ्यासकांना हा पोरखेळ वाटतो, आणि अमेरिकन प्राध्यापकही खाजगीत पुष्कळ कुरकुर करतात. पण कोर्टं याच जर्नल्समधले लेख निकालात उद्धृत करतात. म्हणजे अख्ख्या लॉ स्कूलमध्ये एकच जागा अशी आहे, जिथे सत्ता खरोखर विद्यार्थ्याच्या हातात असते आणि तिचा ठसा थेट कायद्याच्या जगात उमटतो.

नवा कोर्स सुरू करायचा तर प्राध्यापकांची समिती हवी, क्लिनिकला पैसे हवेत, नवं पद भरायचं तर डीनची संमती हवी. जर्नलला यातलं फारसं काही लागत नाही. लागते ती मान्यता, थोडा खर्च आणि रात्र रात्र तळटीपा तपासायची तयारी. पोर्टलँडच्या मुलांनी मागणी करत बसण्याऐवजी, विद्यार्थी म्हणून जे आधीच त्यांच्या हातात होतं तेच वापरलं. या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो.

पहिल्याच खंडात स्टीव्हन वाइज यांचा दीर्घ लेख आहे. प्राणी म्हणजे ‘वस्तू’ ही कायद्यातली समजूत ग्रीक आणि रोमन काळापासून कशी चालत आली याचा त्यात शोध घेतला आहे. वाइज बोस्टनकडचे वकील, व्हरमाँटला प्राणी कायदा शिकवत. अजून त्यांचं नाव मोठं झालेलं नव्हतं. २००० साली हार्वर्डने प्राणी कायद्याचा आपला पहिला कोर्स त्यांच्याकडे सोपवला. २०१३ मध्ये त्यांच्या संस्थेने न्यूयॉर्कमधल्या टॉमी नावाच्या चिंपँझीसाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा डांबून ठेवलेल्याच्या सुटकेसाठीचा, अर्ज केला आणि जगभर बातमी झाली. त्या अर्जामागची मांडणी ज्या लेखनातून घडत गेली त्यातला एक महत्त्वाचा टप्पा अठरा वर्षांपूर्वी पोर्टलँडच्या विद्यार्थ्यांनी छापला होता. २००१ च्या सातव्या खंडात तर हार्वर्डचे लॉरेन्स ट्राइब यांचा लेख आहे, वाइज यांच्याच कामावर. ट्राइब म्हणजे अमेरिकन घटनेवरचं मोठं नाव. देशातल्या कुठल्याही जर्नलने त्यांचा लेख आनंदाने घेतला असता. सहा वर्षांच्या, विद्यार्थ्यांनी चालवलेल्या, एका कोपऱ्यातल्या विषयाच्या जर्नलमध्ये तो आला. त्यानंतर हा विषय हौशी लोकांचा आहे असं म्हणणं कठीण झालं.

मोठ्या नावांइतकंच मोल मला एका कंटाळवाण्या सदराचं वाटतं. वर्षभरात फेडरल आणि राज्यांच्या कायदेमंडळांत प्राण्यांविषयी काय घडलं, याचा आढावा विद्यार्थीच लिहीत. यात झळकण्यासारखं काही नसतं. पण दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या आमदाराच्या सहायकाला किंवा सरकारी वकिलाला ‘असा कायदा आधी कुठे झाला आहे का?’ हे शोधायचं असेल तर हीच पानं कामाला येतात.

जर्नलला आणखी एक गुण असतो, तो बाहेरून दिसत नाही. अंक दर वर्षी निघावाच लागतो. वर्गणीदार वाट पाहतात, लेखक विचारतात, लॉ स्कूलचं नाव पणाला लागतं. त्यामुळे जाणाऱ्या संपादकाला वारस नेमणं भागच पडतं. आंदोलन थांबलं तर कुणी जाब विचारत नाही. अंक थांबला की दहा ठिकाणांहून फोन येतात. नेतृत्वाची पुढची फळी तयार करा असं सांगणारी शिबिरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पोर्टलँडमध्ये ते काम छापखान्याच्या तारखेनेच करून घेतलं.

पुढचा पंधरा वर्षांचा रस्ता

जर्नलच्या जोडीला दरवर्षीची परिषद आली. तीही विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली आणि पुढे देशभरातल्या प्राणी कायद्याच्या वकिलांचं ठरलेलं भेटीचं ठिकाण बनली. २००० साली या विषयाचं पहिलं मोठं केसबुक, म्हणजे निवडक निकालांचं पाठ्यपुस्तक, निघालं. सोन्या वाइजमन, ब्रूस वॅगमन आणि पामेला फ्राश हे त्याच्या लेखकांपैकी. फ्राश लुईस अँड क्लार्कमध्ये शिकवत. केसबुक निघणं ही आपल्याला किरकोळ घटना वाटेल, पण अमेरिकेत कायदा शिकवला जातो तो केसबुकातूनच. ते हातात आल्यावर कुठल्याही लॉ स्कूलमधल्या विद्यार्थ्यांना डीनकडे जाऊन म्हणता येऊ लागलं: पुस्तक आहे, जर्नल आहे, परिषद आहे, शिकवायला वकील तयार आहे, मग अडतंय कुठे? त्यानंतरच्या दशकात कोर्सेसची संख्या भराभर वाढली. फंडाच्या विद्यार्थी शाखाही शंभराच्या वर गेल्या.

२००८ मध्ये लुईस अँड क्लार्कमध्ये फंडाच्या साहाय्याने ‘सेंटर फॉर अ‍ॅनिमल लॉ स्टडीज’ उभं राहिलं. फक्त प्राणी कायदा शिकवण्यासाठी पूर्णवेळ नेमलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या प्राध्यापक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्या कॅथी हेसलर इथेच रुजू झाल्या आणि क्लिनिक सुरू झालं. २०१२ मध्ये प्राणी कायद्यातली जगातली पहिली एलएल.एम. पदवी इथे सुरू झाली. विद्यार्थ्यांनी पाया घातल्यापासून संस्थेने पूर्णवेळ पद द्यायला सोळा वर्षं लागली, हे आकडे पुन्हा पाहा. या काळात विद्यार्थ्यांच्या पाच-सहा पिढ्या येऊन गेल्या. त्यातल्या बहुतेकांना शेवट पाहायला मिळाला नाही.

तुलनेसाठी रटगर्सचं क्लिनिक घेऊ. ते दोन प्रखर विचारांच्या प्राध्यापकांचं होतं, कोर्टातलं काम जोरदार होतं, आणि वैचारिक बाजू पोर्टलँडहून कितीतरी धारदार. त्यांनी २००० मध्ये ते बंद केलं. जे दोन माणसांवर उभं होतं ते दोन माणसांच्या निर्णयाने थांबलं. पण विद्यार्थ्यांचं ते टिकाऊ असा सरसकट नियमही काढता येत नाही. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये याच विषयाचं जर्नल सुरू केलं. नाव, पैसा, प्राध्यापक, सगळं पोर्टलँडहून वरचढ. काही खंडांनंतर ते थांबलं. माझा अंदाज असा की स्टॅनफर्डच्या हुशार मुलापुढे चमकायला इतर डझनभर जागा असतात. पोर्टलँडमध्ये प्राणी कायद्याचं जर्नल हीच चमकायची जागा होती. लहान संस्थेला एखाद्या विषयात पहिलं असण्याची जी ओढ असते, तिला कमी लेखू नये.

शंका

आता दुसरी बाजू. पहिली शंका पैशाची. विद्यार्थी संघटना फंडाची शाखा होती, केंद्रही फंडाच्या मदतीने उभं राहिलं. बाहेरच्या संस्थेचा हात असलेल्या विद्यार्थी नेतृत्वाला कितपत स्वतंत्र म्हणायचं? शिवाय २००१ पासून टीव्हीवरचे प्रसिद्ध सूत्रसंचालक बॉब बार्कर यांनी हार्वर्ड, स्टॅनफर्ड, कोलंबिया, यूसीएलए, ड्यूक अशा एकेका लॉ स्कूलला प्राणी कायद्यासाठी पाच लाख ते दहा लाख डॉलरच्या घसघशीत देणग्या दिल्या. कोर्सेस वाढले त्यात या पैशाचा वाटा किती आणि विद्यार्थ्यांच्या अर्ज-विनंत्यांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझं मत असं की बाहेरचा पैसा आला तेव्हा तो घ्यायला ओंजळ तयार होती, आणि ती विद्यार्थ्यांनी केलेली होती. पण फक्त ओंजळीच्या जोरावर क्लिनिक चालत नाही, हेही खरं.

दुसरी शंका नोकऱ्यांची. अमेरिकन कायदा-पदवीधराच्या डोक्यावर अनेकदा लाख डॉलरच्या घरातलं कर्ज असतं. प्राणी संस्थांमधल्या वकिलीच्या जागा मोजक्या, पगार बेताचे. परिणाम असा की विद्यार्थिदशेत या कामात पुढे असलेली बरीच मंडळी पुढे मोठ्या फर्ममध्ये जातात आणि वर्षाकाठी एखादं प्रकरण विनाशुल्क घेतात. हे टाकाऊ नाही. फंडाची कित्येक कामं अशाच फर्मांच्या मदतीने उभी राहिली आहेत. पण जाहिरातीत दिसणाऱ्या चित्रात हा भाग नसतो.

तिसरी शंका सर्वांत जड आहे: एवढं करून कोर्टात मिळालं काय? हॅपी नावाच्या हत्तिणीचं प्रकरण न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात २०२२ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी हरलं. ओरेगनमध्येच जस्टिस नावाच्या उपाशी ठेवलेल्या घोड्याच्या नावाने २०१८ मध्ये फंडाने मालकिणीविरुद्ध भरपाईचा दावा केला. घोडा वादी होऊ शकत नाही म्हणून तो फेटाळला गेला, आणि २०२२ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तेच कायम केलं. प्राण्याला ‘व्यक्ती’ ठरवण्याची लढाई अमेरिकेत अजून जिंकलेली नाही.

मिळालं ते दुसऱ्या, कमी झगमगाटाच्या वाटेने. ओरेगनच्या कायदेमंडळाने २०१३ मध्ये कायद्यात लिहून टाकलं की प्राणी संवेदनशील असतात, त्यांना वेदना, ताण आणि भीती जाणवते. त्याच वर्षी फंडाच्या पैशातून राज्यात फक्त प्राणी-क्रौर्याच्या खटल्यांसाठी एक सरकारी वकील नेमला गेला. २०१६ मध्ये जूनो नावाच्या कुत्रीचं प्रकरण ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयात आलं. ती हाडांचा सापळा झाली होती. संशयावरून ताब्यात घेतल्यावर पशुवैद्याने तिचं रक्त तपासलं आणि तिला रोग नसून ती उपाशी आहे हे सिद्ध झालं. मालकिणीचा बचाव असा की वॉरंटशिवाय रक्त काढलं, म्हणजे माझ्या मालमत्तेची बेकायदा झडती झाली. न्यायालयाने तो मानला नाही. कायदेशीररीत्या ताब्यात आलेल्या कुत्र्याच्या तपासणीत मालकाचा खाजगीपणाचा हक्क आड येत नाही, असं म्हणून शिक्षा कायम ठेवली. कुत्रा मालमत्ताच राहिला, पण बंद पेटीसारखी मालमत्ता राहिला नाही. हे बदल नेमके कुणामुळे झाले, याचा धागा कुठल्याही एका विद्यार्थी संघटनेपर्यंत नेता येत नाही. तरी आमदार, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांच्यासमोर या विषयाची भाषा तयार स्वरूपात असणं, आणि ती बोलणारे वकील राज्यात असणं, यात त्या लॉ स्कूलचा हात नाही असं म्हणायला मी धजणार नाही.

उंदरांचं पुढे काय झालं तेही सांगतो. पहिला दावा लोकसवर पडल्यानंतर एका दुसऱ्या संस्थेने पुन्हा दावा आणला आणि यावेळी वादींमध्ये मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी होती. आपल्याला प्रयोगशाळेत उंदीर हाताळावे लागतात, त्यांचे हाल पाहावे लागतात, हे तिचं म्हणणं. २००० मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तिला लोकस आहे असं मानलं. कृषी खातं तडजोडीला तयार झालं, उंदरांना नियमांत घ्यायचं कबूल केलं. वकिलांच्या संस्थेकडे जे नव्हतं ते एका विद्यार्थिनीच्या रोजच्या अनुभवात होतं. मग २००२ मध्ये सिनेटर जेसी हेल्म्स यांनी शेती विधेयकात दुरुस्ती घुसवली आणि संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर, घुशी व पक्षी खुद्द कायद्यानेच वगळले गेले. दहा वर्षांची कोर्टातली मेहनत एका कलमाने धुतली गेली. नॅन्सी पेरींसारख्या संस्थापकाने कोर्टाऐवजी कायदेमंडळाचा रस्ता धरला, तो या पार्श्वभूमीवर नीट समजतो.

इथे आणायचं तर

हैदराबादच्या नालसार या विधी विद्यापीठात ह्युमेन सोसायटी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेसोबत प्राणी कायद्याचं केंद्र उभं राहिलं आहे. पण तिथला क्रम उलटा आहे: संस्था आधी, विद्यार्थी नंतर. महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजात कुणी पोर्टलँडची नक्कल करू म्हणालं तर मी आधी थांबवेन. आपली भिंत लोकसची नाहीच. जलिकट्टूच्या २०१४ च्या नागराजा निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या सन्मानाला घटनेच्या २१व्या कलमाशी नेऊन जोडलं, आणि प्राण्यांच्या वतीने कोर्टात कोण आलंय यावर प्रकरण अडलं नाही. बैलगाडा शर्यतीही त्याच निकालाने थांबल्या होत्या. पुढे विधानसभेने २०१७ मध्ये दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणजे कोर्टाने दिलेलं कायदेमंडळाने फिरवणं आपल्यालाही नवं नाही.

आपली अडचण अंमलबजावणीची आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हा आकडा सहा दशकं तसाच आहे. चहा-वडापावचा खर्च याहून जास्त होतो. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी हवी. आपल्या जिल्ह्यात ती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारायला कुठल्या परवानगीची गरज नाही, आणि हे काम दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सहज करू शकतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांमुळे प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र असावंच लागतं. पुष्कळ ठिकाणी ते फलकापुरतं असतं, पण कागदावर तर आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या हातात आधीच असलेलं साधन हे आहे.

भटक्या कुत्र्यांच्या वादापासून मात्र सुरुवात करू नये, असं माझं मत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं इथून कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि त्याच जागी परत न सोडण्याचा आदेश दिला, तेव्हापासून हा वाद थेट कॉलेजच्या आवारात आला आहे. त्यावर भूमिका घेणं विद्यार्थ्यांना टळणार नाही. पण खाऊ घालणारे आणि चावा बसलेले यांच्या भांडणात नवी संघटना पहिल्या वर्षीच गुदमरते, आणि उरलेल्या सगळ्या प्राण्यांचा, कत्तलखान्याच्या वाहतुकीचा, पोल्ट्रीचा, ओझ्याच्या जनावरांचा विषय मागे राहतो.

जशीच्या तशी उचलावी अशी पोर्टलँडची एकच गोष्ट मला दिसते: तो कंटाळवाणा वार्षिक आढावा. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूर, अशा उच्च न्यायालयाच्या सगळ्या ठिकाणी वर्षभरात प्राण्यांविषयी कोणते आदेश झाले, राज्य सरकारने कोणते शासन निर्णय काढले, किती जिल्ह्यांनी माहिती अर्जाला उत्तर दिलं, एवढं मराठीत एकत्र छापावं. तालुक्याच्या कोर्टातला वकील आणि पोलीस ठाण्यातला ठाणे अंमलदार दोघंही ते वाचू शकतील. संपादन दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे द्यावं, शेवटच्या वर्षाच्या नव्हे. आपल्याकडे तीन वर्षांचं एलएल.बी. करणारी कित्येक मुलं दिवसा नोकरी करतात. शेवटच्या वर्षी परीक्षा, सनद आणि सीनियर शोधणं यात ती अंकाला वेळ देऊ शकणार नाहीत, आणि पुढच्या वर्षीचा अंक कुणी काढायचा हे तेव्हा ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो.